गिरगावातला तंबू आणि कुंडीतला वाटाणा

धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१० च्या सुमारास, वयाच्या चाळिशीत, स्वतःच्या हातांनी उभारलेला छापखाना भागीदारांशी बिनसल्यामुळे सोडला. मुंबईतील इतर मुद्रकांकडून बोलावणी येऊनही छपाईच्या धंद्यात पुन्हा पाऊल टाकायचे नाही, या निश्चयाने ते घरी बसून होते. पदरी संसार होता आणि उत्पन्न जवळजवळ थांबलेले होते. पुढील तीन वर्षांत याच गृहस्थांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार करून मुंबईच्या प्रेक्षकांपुढे ठेवला. या दोन टोकांच्या मध्ये गिरगावातील एका तंबूत पाहिलेला, ख्रिस्ताच्या जीवनावरील एक परदेशी चित्रपट उभा आहे. एखाद्या अनपेक्षित अनुभवाने माणसाची विझत चाललेली नजर आणि हेतू पुन्हा पेटतो म्हणजे नेमके काय घडते, हे तपासण्यासाठी मराठी वाचकाला याहून जवळचे प्रकरण मिळणे कठीण आहे. मात्र ते आपल्याकडे इतक्या वेळा चमत्कारासारखे सांगितले गेले आहे, की त्यातला कार्यकारणभाव पुसट झाला आहे.

पहिली अडचण अशी, की त्या तंबूतील अनुभव मुंबईला नवा नव्हता. ल्युमिए बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात दाखवली गेली होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी तर १८९९ मध्येच हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रीकरण केले होते. म्हणजे फाळके तंबूत शिरले तेव्हा शहराला सिनेमा ठाऊक होऊन चौदा वर्षे उलटली होती, आणि त्या काळात हजारो माणसे तिकीट काढून आत गेली, थक्क झाली आणि घरी जाऊन जेवून झोपली. अनुभव सर्वांना सारखाच मिळाला असताना तो एकालाच का झोंबला, हा या प्रकरणाचा गाभ्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पडद्यावर शोधून सापडत नाही. ते पाहणाऱ्याच्या मागच्या पंचवीस वर्षांत शोधावे लागते.

त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या फाळक्यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुरेखन व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. रतलामला जाऊन ते तीनरंगी ब्लॉक बनवणे आणि फोटोलिथोची कामे शिकले. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा मांडला. तिथेच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून, आपल्याच आडनावाची अक्षरे उलटीपालटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने त्यांनी खेळही केले. नाटकांचे पडदे रंगवले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, स्वदेशीच्या काळात ती सोडली, रविवर्मा प्रेससाठी काम केले, लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढून तो पुढे दादरला आणला आणि रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी केली.

जगाच्या दृष्टीने ही यादी धरसोडीची होती. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असे नातेवाईकांनी म्हटले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पण यादी पुन्हा वाचली तर दिसते, की चलच्चित्र तयार करण्यासाठी जे जे लागते त्यातले बहुतेक सारे या माणसाच्या हाताखालून गेलेले आहे: डार्करूममधील रसायने, प्रकाशाचे मोजमाप, देखाव्याचे पडदे, मातीचे मुखवटे, नजरबंदी आणि पुराणपुरुषांना चेहरे देणारी रविवर्म्याची चित्रपरंपरा. एवढे सगळे साहित्य जमलेले होते. ते कशासाठी जमले आहे हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हते.

तंबूतील दिवस

तो दिवस कोणता, यावर नोंदींचे एकमत नाही. काही ठिकाणी १९१० चा नाताळ सांगितला जातो, तर काही ठिकाणी एप्रिल १९११, म्हणजे ईस्टरचे दिवस. स्थळ मात्र बहुतेक ठिकाणी एकच आहे, गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस. प्रचलित हकिगतीनुसार फाळके प्रथम मुलगा भालचंद्र याला घेऊन गेले आणि त्यांनी प्राण्यांची चित्रे पाहिली. घरी आल्यावर मुलाने सांगितलेल्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सारे घर तंबूत गेले आणि त्या दिवशी सणानिमित्त ख्रिस्तचरित्र लावलेले होते. हे खरे मानले तर या प्रकरणातील योगायोगाचा वाटा किती मोठा होता ते कळते. शंका घेणारे घरचे लोक नसते, किंवा दुसऱ्या दिवशीही प्राणीच पडद्यावर असते, तर पुढचे काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक नाही.

फाळक्यांनी स्वतः १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लेख लिहून त्या अनुभवाचे वर्णन केले. त्यांच्या सांगण्याचा आशय असा, की ख्रिस्ताची चित्रे डोळ्यांपुढून सरकत असताना त्यांच्या मनाच्या पडद्यावर राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ दिसू लागले, आणि हे आपल्या माणसांना आपल्याच पडद्यावर कधी पाहायला मिळेल, या विचाराने ते अस्वस्थ झाले. त्यांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला. हे कथन घटनेनंतर सहा-सात वर्षांनी, यश मिळाल्यानंतर लिहिलेले आहे, त्यामुळे त्याला थोडी झिलई चढली असणार हे गृहीत धरले पाहिजे. तरीही त्यातील एक तपशील मला विश्वासार्ह वाटतो, आणि तो म्हणजे पडद्यावर एक दिसत असताना मनाला दुसरेच दिसणे. इतर प्रेक्षक ख्रिस्त पाहत होते. फाळक्यांना पडद्यावर जे नव्हते ते दिसले. ज्याने रामकृष्णांची चित्रे वर्षानुवर्षे दगडावर उतरवून छापली आहेत त्याला ती हलताना दिसावीत, यात गूढ काही नाही. खटका बाहेरून दाबला गेला, पण दारू आधीपासून ठासलेली होती.

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढणे गरजेचे आहे. पहिली गोष्ट इंद्रियाची आहे, दुसरी हेतूची. हेतू एका रात्रीत ठरला असे ते सांगतात आणि ते खरे असेल. डोळा मात्र एका रात्रीत तयार झाला नाही. त्यासाठी पुढचे कित्येक महिने गेले. त्यांनी स्वस्तातला एक छोटा कॅमेरा आणि फिल्मची काही रिळे मिळवली, मेणबत्ती आणि भिंग यांच्या साहाय्याने घराच्या भिंतीवर चित्रे पाडून पाहिली आणि रोज रात्री चार-पाच तास तंबूंत बसून एकेक चित्रपट पुनःपुन्हा पाहिला. हे पाहणे प्रेक्षकाचे नव्हते. घड्याळजी दुसऱ्याने बनवलेले घड्याळ उघडून बघतो, तसे ते होते.

त्याची किंमत इंद्रियानेच मोजली. झोप नाही, दिवसा प्रयोग, रात्री अंधारात थरथरणारा प्रकाश, आणि मागे पैशाची काळजी. अशा अवस्थेत फाळक्यांची दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली, असे फाळक्यांनी नोंदवले आहे. ‘इंद्रिये जागी होणे’ हा शब्दप्रयोग आपण फार हलक्या हाताने वापरतो. या प्रकरणात जागे झालेले इंद्रिय इतके राबवले गेले, की ते काही काळ पूर्ण बंद पडले. आणि बरे झाल्यावर त्या माणसाने केलेले पहिले काम म्हणजे तेच इंद्रिय पुन्हा त्याच कामाला जुंपणे.

लंडन

पुढचा टप्पा पैशाचा आणि प्रवासाचा आहे. बारा हजार रुपयांची विमा पॉलिसी गहाण टाकून त्यांनी दहा हजार उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला प्रयाण केले. तिथे त्यांची ओळख कोणाशीच नव्हती. ज्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते त्याच्या कचेरीची पाटी पाहून ते आत शिरले. संपादकाने आधी त्यांना परावृत्त केले आणि मग सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत पोहोचवले. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र यांची खरेदी करून ते एप्रिलच्या आरंभी परतले. एवढेच सांगून हा भाग सोडून देता येतो, कारण लंडनने त्यांना कौशल्य दिले, दिशा ते इथूनच घेऊन गेले होते.

कुंडी

या प्रकरणाचा सर्वांत मोलाचा भाग तंबू किंवा लंडन नसून दादरच्या घरातील एक कुंडी आहे, असे माझे मत आहे. कॅमेरा आला तरी चित्रपटासाठी भांडवल नव्हते, आणि हलणारी चित्रे मुंबईत तयार होऊ शकतात यावर सावकाराचा विश्वास बसत नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली. तयार झालेली फिल्म मिनिटभराहून थोडी जास्त चालणारी होती. बीज फुटते, कोंब वर येतो, वेल आधार शोधते, हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत एका दमात घडते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही पट्टी पाहून यशवंत नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे हे कर्ज द्यायला तयार झाले.

रोज एकच चित्र घेतले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, पण हा हिशोब जुळत नाही. त्या काळी कॅमेऱ्याची मूठ साधारण सेकंदाला सोळा चित्रे या गतीने फिरवली जाई. रोज एक चित्र घेतले तर महिन्याची तीस चित्रे दोन सेकंदांतच संपतील. मिनिटभराच्या पट्टीला ९६० च्या आसपास चित्रे लागतात, म्हणजे दिवसाला किमान वीस-पंचवीस. तेव्हा फाळके त्या कुंडीपाशी दिवसातून एकदा हजेरी लावून मोकळे होत नसणार. एक तर ते पुनःपुन्हा येत असणार, नाही तर प्रत्येक वेळी मूठ थोडी फिरवत असणार. हा कीस काढण्याचे कारण एवढेच, की दंतकथा नेहमी श्रम कमी करून सांगते आणि चमत्कार वाढवून.

कुंडीतल्या वाटाण्याने दोन स्वतंत्र कामे केली. सावकारांसाठी तो पुरावा होता: हा माणूस कॅमेरा चालवू शकतो, फिल्म धुऊ शकतो, पडद्यावर दाखवू शकतो. फाळक्यांसाठी तो पाहण्याची नवी शाळा होता. वाटाणा रुजतो हे कुठल्याही शेतकऱ्याला, कुठल्याही गृहिणीला ठाऊक असते. ती बाब इतकी परिचित असते की ती कोणी पाहतच नाही. शिवाय वाढ ही डोळ्याच्या कक्षेबाहेरची गोष्ट आहे, कारण डोळ्याला तेवढा धीर नसतो. काळ आवळून तीच गोष्ट समोर ठेवली तेव्हा ओळखीचे धान्य अनोळखी झाले. तंबूत परक्या देशाच्या चित्रांनी फाळक्यांना हलवले होते. इथे त्यांनी घरातल्या डब्यातल्या वस्तूने इतरांना हलवून दाखवले. अनपेक्षित अनुभव घेणारा अनपेक्षित अनुभव देणारा झाला तो क्षण हा आहे, आणि म्हणून मी ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षा या मिनिटभराच्या पट्टीला अधिक महत्त्व देतो.

घर

अशा हकिगतींत एक माणूस जागा होतो आणि बाकीचे त्याला साथ देतात, अशी मांडणी रूढ आहे. इथे ती अपुरी पडते. फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले हे सर्वत्र लिहिले जाते. त्याहून कमी लिहिले जाते ते त्यांच्या हातांविषयी. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम घरीच, अंधारात होई, आणि ते त्यांनी केले. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके लागतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. म्हणजे अंतिम लांबीचाच हिशोब केला तरी भोके पावणेपाच लाखांच्या घरात जातात, वाया गेलेली फिल्म वेगळी. यंत्र असले तरी फिल्म सरळ सरकते आहे की नाही हे काळोखात बोटांनीच ओळखायचे. या घरात एकाचा डोळा तयार झाला तसा दुसऱ्याचा स्पर्श तयार झाला. याशिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रसायने कालवणे आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे ही कामेही त्यांच्याकडे होती.

तयार झालेल्या नजरेचा आणखी एक पुरावा पात्रनिवडीत सापडतो. तारामतीच्या भूमिकेसाठी कोणतीही स्त्री तयार होईना. जाहिराती देऊन झाल्या, नाचगाण्याचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनाही विचारून झाले. शेवटी ग्रँट रोडवरील एका खानावळीत स्वयंपाक करणारा अण्णा साळुंके नावाचा सडपातळ तरुण फाळक्यांच्या दृष्टीस पडला. खानावळीत तो महिना दहा रुपयांवर होता. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. त्या खानावळीतील इतर गिऱ्हाइकांच्या ताटात तोच तरुण रोज वाढत असेल, पण त्यांना त्याच्यात राणी दिसली नाही. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

सुमारे सात महिन्यांच्या कामानंतर २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी आणि ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला गेला. त्याच कॉरोनेशनमध्ये वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला होता, आणि पहिलेपणाचा मान कोणाचा यावर वाद आहे. प्रस्तुत प्रकरणाला त्या वादाचे फारसे कारण नाही.

दोन उत्तरकांडे

प्रकरण इथे थांबवले तर ते फार सोयीचे होईल. फाळक्यांच्या आयुष्यात अशीच परिस्थिती आणखी दोनदा आली, आणि दोन्ही वेळा परिणाम निराळा झाला.

१९१८ मध्ये ते भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीत आले. थोड्याच काळात कारभारावरून खटके उडाले आणि फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीला निघून गेले. छापखाना सोडतानाची आणि ही परिस्थिती जवळजवळ सारखी आहे: तीच भागीदारी, तेच भांडण, तोच त्याग. पण काशीत त्यांना दुसरा तंबू भेटला नाही. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, ते पुढे रंगमंचावर आलेही, परंतु त्यातून नवे आयुष्य उभे राहिले नाही, आणि १९२२ मध्ये ते त्याच कंपनीत परतले. रिकामपण आणि दुखावलेपण एवढ्यानेच माणूस नव्या अनुभवाला उघडा होतो, ही समजूत काशीच्या त्या दिवसांपुढे टिकत नाही.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. वीस वर्षांपूर्वीच्या तंबूइतकीच ही अनपेक्षित गोष्ट होती. मूकपटांत मुरलेल्या माणसाला ती त्याहूनही जवळून भिडायला हवी होती. फाळके तेव्हा एकसष्टीला टेकले होते. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि काळाची गरज म्हणून त्याला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी केलेला ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये आला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला.

वयाचे कारण पुढे करता येईल आणि ते काही अंशी खरेही आहे. माझ्या मते कारण साठवणीत आहे. १९१० मध्ये पडद्याने मागितले ते सारे फाळक्यांच्या गाठीशी होते, कारण चित्रकला, छपाई, जादू, मूर्तिकाम हे सगळे डोळ्याचे धंदे होते. बोलपटाने कानाची मागणी केली. संवाद, गाणे, ध्वनिमुद्रणासाठी लागणारी शांतता, गळ्याची पारख, यांतले काहीही त्या पंचवीस वर्षांच्या भटकंतीत त्यांच्या हाताला लागले नव्हते. नाटकांशी आलेला त्यांचा संबंधही प्रामुख्याने पडदे रंगवणाऱ्याचा होता. म्हणून आवाज त्यांच्या कामात वरून जोडला गेला, आतून उगवला नाही. ‘गंगावतरण’नंतर ते नाशिकला राहिले, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच वारले.